मोटारीवर किलोवॅट आणि डीपीवर केव्हीए असे का लिहितात, आणि व्होल्टेज कमी असताना मोटार का तापते?

रावेरकडच्या आपल्या केळीच्या बागेतील मोटारीच्या पाटीवर ५ एचपी, ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट असे लिहिले आहे आणि डीपीवर, म्हणजे शेतांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, ६३ केव्हीए. या आकड्यांचा मेळ कसा घालावा आणि व्होल्टेज उतरले की मोटार का तापते, असे आपण विचारले आहे. मी चोपड्याला मोटारी रिवाइंड करतो आणि उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जळक्या मोटारींचे कारण याच आकड्यांत दडलेले असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे ५ एचपी आणि ३.७ किलोवॅट ही एकच गोष्ट आहे. मात्र हा आकडा मोटारीच्या शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचा आहे, तारेतून घेतल्या जाणाऱ्या शक्तीचा नव्हे. मोटारीची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर ती तारेतून सुमारे ४.४ किलोवॅट घेते, म्हणजे तासाला साधारण ४.४ युनिट.

केव्हीए म्हणजे हजार व्होल्ट-अँपियर (व्हीए), आणि त्याचा हिशेब वेगळा आहे. मोटारीला काम करण्यासाठी लागणाऱ्या करंटखेरीज आतले चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठीही करंट लागतो. हा दुसरा करंट प्रत्येक आवर्तनात मोटारीत जातो आणि परत येतो, त्यामुळे युनिटमध्ये तो दिसत नाही, पण तार आणि ट्रान्सफॉर्मर त्यानेही तापतातच. पॉवर फॅक्टर, म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए, ०.८ असेल, तर ४.४ किलोवॅटसाठी डीपीवर ५.५ केव्हीएचा भार पडतो. तारांना एकूण करंट सोसावा लागतो, त्यातला कामाचा किती हे ट्रान्सफॉर्मरला ठाऊक नसते, म्हणूनच त्याची क्षमता किलोवॅटमध्ये लिहीत नाहीत. या हिशेबाने ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा ११ मोटारी बसतात. प्रत्यक्षात किती जोडलेल्या असतात, हे आपल्या शिवारात आपणच मोजून पाहावे.

आता व्होल्टेजचा प्रश्न. थ्री फेजमध्ये १.७३२, व्होल्ट आणि अँपियर यांचा गुणाकार केला की व्हीए मिळतात, त्यामुळे ४१५ व्होल्टवर आपली मोटार सुमारे ७.६ अँपियर घेईल. व्होल्टेज ३५० वर आले तरी पंपाला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून तेवढ्याच कामासाठी मोटार जवळजवळ ९ अँपियर ओढते. वाइंडिंगमधील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे करंट १९ टक्क्यांनी वाढला, तरी उष्णता सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. व्होल्टेज कमी म्हणजे मोटारीवर ताण कमी, ही समजूत पंपाच्या बाबतीत अगदी उलटी आहे. एक फेज गेली असता तर उरलेल्या दोन फेजांवर करंट दीडपटीच्याही पुढे जातो आणि मग वाइंडिंग फार वेळ टिकत नाही.

कपॅसिटरबद्दल आपण विचारलेले नाही, पण बाजारात त्याविषयी फार भलते सांगितले जाते. त्याने युनिट फारसे वाचत नाहीत आणि मोटारीच्या वाइंडिंगमधील करंटही थेट कमी होत नाही. स्टार्टरपाशी २ केव्हीएआरचा (केव्हीएआर हे चुंबकीय क्षेत्रासाठीच्या भाराचे माप) कपॅसिटर लावला, तर त्या क्षेत्रासाठीचा बराचसा करंट तिथूनच मिळतो, म्हणून डीपीपासून तिथपर्यंतच्या तारेतील करंट ७.६ वरून साधारण ६.४ अँपियरवर येतो, आणि त्याच डीपीवर ११ ऐवजी १३ मोटारी बसू शकतात. डीपीवरील सर्वांनी तो लावला, तर तारेतील घट कमी होऊन व्होल्टेज सुधारते. एकट्याने लावल्यास फरक क्वचितच जाणवतो.

आपल्या हातात लगेच असलेली गोष्ट म्हणजे स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट ठरवलेल्या आकड्यापुढे गेला की मोटार बंद करणारे साधन. तो सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची चकती पुढे सरकवून ठेवण्याची सवय आपल्याकडे सर्रास आढळते. तसे न करता ती मोटारीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपियरवरच ठेवावी, आणि अँमीटरचा काटा त्यापुढे जाऊ लागला की व्होल्टेज सुधारेपर्यंत मोटार बंद ठेवावी.