हायड्रोजन लावूनही सिनामिल अल्कोहोलचं अल्डिहाइड कसं झालं?

तुम्हाला सिनामिल अल्कोहोलचा फक्त डबल बाँड घालवायचा होता. पॅलेडियम ऑन कार्बन (कोळशाच्या पुडीवर बसवलेला पॅलेडियम धातू, हाच कॅटॅलिस्ट) घातलं, हायड्रोजनचा फुगा लावला आणि एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) अल्डिहाइड दिसलं. हायड्रोजनमध्ये ऑक्सिडेशन कसं, हा तुमचा प्रश्न.

ते बहुधा ऑक्सिडेशन नाहीच. ९.८ पीपीएमजवळचा सिग्नल मोठा करून बघा. बारीक ट्रिप्लेट (तीन टोकांचा सिग्नल) असेल तर ते ३-फिनाइलप्रोपॅनाल, म्हणजे डबल बाँड गेलाय. ९.७ ला ७-८ हर्ट्‌झचा डबलेट (दोन टोकांचा सिग्नल) दिसला तरच सिनामाल्डिहाइड. माझी पैज ट्रिप्लेटवर.

होतं असं की डबल बाँडच्या एका कार्बनला हायड्रोजन मिळतो आणि शेजारच्याला पॅलेडियम धरून बसतं. दुसरा हायड्रोजन वेळेवर आला तर हवं ते अल्कोहोल सुटतं. नाही आला, तर पॅलेडियम ओएच असलेल्या कार्बनचाच हायड्रोजन ओढून घेतं. इनॉल (डबल बाँडच्या कार्बनवरच ओएच असलेला रेणू) बनतो आणि त्याचं अल्डिहाइड व्हायला वेळ लागत नाही. अणूंचा हिशोब केलात तर हे निव्वळ आयसोमरायझेशन आहे, म्हणजे अणू तेच, फक्त मांडणी बदललेली.

म्हणून फुगा टम्म असला तरी ढवळणं मंद असेल तर कॅटॅलिस्ट उपाशीच. जोरात ढवळा, कॅटॅलिस्ट कमी घाला, दाब वाढवता आला तर वाढवा. तरीही जमलं नाही तर प्लॅटिनम ऑन कार्बन घ्या, त्यावर हा फाटा कमी फुटतो. ऱ्होडियम सुचवणारे भेटतील, पण ते तुमची बेंझिन रिंगही खाऊ शकतं. सोबत प्रोपिलबेंझिन निघत असेल तर सी-ओ (कार्बन-ऑक्सिजन) बंध तुटतोय. कॅटॅलिस्टमध्ये उरलेलं आम्ल त्याला हातभार लावतं, थोडं ट्रायएथिलअमाइन टाकून बघा.

हाच कॅटॅलिस्ट अमाइनच्या अलिलेशनला (म्हणजे अल्कोहोलचा ओएच काढून तिथे अमाइन जोडायला) पुन्हा पुन्हा चालेल का, हेही विचारलंत. ओएच सहजासहजी सुटत नाही, त्यामुळे तिथे आम्ल किंवा बरीच उष्णता लागते आणि पॅलेडियम द्रावणात उतरायची भीती असते. अर्धी रिअॅक्शन झाल्यावर मिश्रण गरम असतानाच गाळा (थंड केलंत तर विरघळलेला धातू परत कार्बनवर बसतो) आणि नुसतं गाळलेलं द्रावण तापवत ठेवा. रिअॅक्शन पुढे सरकली तर काम विरघळलेलं पॅलेडियम करतंय. पुनर्वापराची तुलनाही १०० टक्के कन्व्हर्जनला (सगळा कच्चा माल बदलल्यावर) करू नका, ३०-४० टक्क्यांवर करा. पूर्ण वेळ दिला तर अर्धमेला कॅटॅलिस्टसुद्धा पास होतो.

आणि गाळताना केक (फिल्टरवर उरलेला कॅटॅलिस्ट) कोरडा पडू देऊ नका. हायड्रोजन शोषलेलं पॅलेडियम मिथेनॉलच्या वाफेत फिल्टरवरच पेट घेऊ शकतं.