सहा जणांचा बोर्ड गेमचा डाव आणि चहा एकत्र कसे जमवावेत?

तुम्ही दोन अडचणी लिहिल्या आहेत: सहा जणांचा चहा करताना डाव सारखा थांबतो, आणि पत्त्यांवर चहा सांडायची धास्ती वाटते. माझ्या मते दोन्हींचं मूळ खेळाच्या निवडीत आहे, म्हणून आधी तेच.

चहासोबत हातात पत्ते धरून बसायचे खेळ त्रासाचे. 'सेव्हन वंडर्स' सात जणांपर्यंत चालतो, पण त्यात सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात, त्यामुळे कप उचलायला कुणालाच उसंत नसते. तो खेळायचाच असेल तर त्याच्या तीन टप्प्यांच्या मधे चहा द्या. 'कोडनेम्स' मात्र सहा जणांना फार सोयीचा. २५ पत्ते टेबलावर मांडलेले, दोन गट, आणि बहुतेकांचे हात पूर्णवेळ रिकामे. 'कटान'चा मूळ संच चार जणांपुरताच असतो. त्यासाठी सहा जणांना बसवू नका, पाच-सहा खेळाडूंचा जोडसंच लागतो आणि आपली पाळी येईपर्यंत बराच वेळ जातो. ती वाट पाहणं चहाच्या पथ्यावर पडतं, एवढंच. जेंगासारख्या मनोऱ्याच्या खेळाला चहा नकोच.

आता चहा. १५० मिलिचे सहा कप म्हणजे ९०० मिलि. एक लिटर करा. कोऱ्या काळ्या चहाला १० ते १२ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, चार मिनिटं झाकून. मग गाळून थेट थर्मासमध्ये. पत्ती आत राहिली की टॅनिन उतरत राहतं आणि दुसरा कप तोंड वाकडं करायला लावतो. 'कडू झाला' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून टाका, नाहीतर पहिली उष्णता आतली थंड भिंतच खाते. दूध-साखर वेगळी ठेवावी. दुधाचा चहा थर्मासमध्ये तासाभरातच शिळकट लागायला लागतो, आणि झाकणाच्या रबरी कडीत बसलेला वास पुढच्या बैठकीलाही येतो. ती कडी काढून धुवा.

ग्रीन टी थर्माससाठी चांगला नाही, रंग आणि वास दोन्ही उतरतात. हवाच असेल तर दोन डावांच्या मधे ताजा करा: तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग साधं पाणी मिसळलं की साधारण ८० अंश मिळतात, थर्मामीटर लागत नाही. दोन मिनिटांत गाळा.

नियम समजावून सांगायची वेळ ही चहा मुरायची वेळ. पाणी ओतलं की समजावायला सुरुवात करा. घड्याळ मात्र लावा, कारण नियमांचा वाद चार मिनिटांत कधीच संपत नाही.

कप मुख्य टेबलावर ठेवूच नका. दोन खेळाडूंमागे एक असं स्टूल ठेवा, टेबलापेक्षा बुटकं, म्हणजे कप लवंडला तरी चहा जमिनीकडे जातो. रुंद बुडाचे मग घ्या, पाऊण भरा. फासे ट्रेमध्येच टाकायचे. उडालेला फासा पकडायला झेपावणारा हात कप पाडतो. खायला तेलकट काही असेल तर चमचे द्या. तेलाचा डाग पत्त्यावरून निघत नाही.

प्लास्टिकच्या स्लीव्हवर, म्हणजे पत्त्यावर चढवायच्या पारदर्शक पाकिटावर, फार विसंबू नका. बोटांचा घाम आणि शिंतोडे ती अडवते, पण तिचं एक तोंड उघडं असतं. चहा आत शिरला तर बाहेर पडत नाही आणि पत्ता आतल्या आत फुगतो. सांडलंच तर आधी पत्ते आणि पुठ्ठ्याच्या चकत्या उचला, कप नंतर. भिजलेला पत्ता लगेच स्लीव्हमधून काढा, कोरड्या कापडाने टिपा, चोळू नका. साखरेचा चहा असेल तर आधी जेमतेम ओल्या कापडाने चिकटपणा टिपून घ्या. मग दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तक, आणि कागद ओले झाले की बदला. हेअर ड्रायर लावू नका, एक बाजू लवकर सुकून पत्ता वाकतो आणि वाकलेला पत्ता गड्डीत पाठमोरा असला तरी ओळखू येतो.