न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या कारंज्यावर पंखवाली बाई आहे ती कोण? कुठली देवी आहे का?

देवी नाही हो, देवदूत आहे ती, 'एंजल ऑफ द वॉटर्स'. कारंजं बेथेस्डा फाउंटन. बायबलमध्ये बेथेस्डा नावाच्या तळ्याची गोष्ट आहे, देवदूत येऊन पाणी ढवळायचा आणि मग जो आधी उतरेल तो बरा व्हायचा, तिथून हे आलंय. पण खरा मुद्दा नळाच्या पाण्याचा आहे! 1832 मध्ये न्यूयॉर्कात कॉलऱ्याने हाहाकार माजवला होता, विहिरींचं पाणी पार घाण, म्हणून लांबून क्रोटन नदीचं पाणी कालव्याने शहरात आणलं, पंप वगैरे काही नाही नुसत्या उतारावर, ते 1842 ला सुरू झालं आणि हा पुतळा त्याची आठवण. म्हणून तिच्या डाव्या हातात लिलीचं फूल आहे (शुद्धतेची खूण) आणि उजवा हात खालच्या पाण्याला आशीर्वाद दिल्यासारखा पुढे केलाय. तिच्या खाली चार बाळं दिसतात ती म्हणजे संयम, शुद्धता, आरोग्य आणि शांती, ती लोक बघतच नाहीत, सगळे सेल्फीत.

बनवला एमा स्टेबिन्स या बाईने, शहराचं एवढं मोठं काम मिळालेली ती पहिली स्त्री शिल्पकार. ब्राँझचं ओतकाम जर्मनीत म्युनिकला झालं, उद्घाटन 1873 ला. भाऊ पार्कच्या बोर्डावर होता म्हणून वशिल्याची कुजबुज झालीच, पण काम बघा ना, मला तरी एक नंबर वाटतं.

जाणार असाल तर आधी वरच्या गच्चीवरून बघा, मग पायऱ्या उतरून जवळ जा.