अंगठी जुनी, पण खडा?

(कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सासऱ्यांच्या पेढीवर चाळीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसले. या वेळची बरीच पत्रं जुन्या अंगठ्यांविषयी आहेत.)

प्रश्न : आजेसासूबाईंची माणकाची अंगठी माझ्याकडे आली आहे. त्यांच्या लग्नातली, म्हणजे १९३४ सालची. परवा तपासून घेतली तर 'सिंथेटिक रूबी' असा शेरा आला. त्या काळात कुठे होते असले खडे? मधल्या काळात कुणी सोनारानं खडा बदलला असेल का? दुधात टाकून पाहिला, तेव्हा दूध तर गुलाबी दिसलं, म्हणजे खडा खराच ना? – वाचक, ठाणे

उत्तर : सोनाराला इतक्यात चोर ठरवू नका. असले खडे तेव्हा होते, आणि भरपूर होते. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हेर्नोय यांनी १९०२ साली आपली पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी पेटत्या ज्योतीतून खाली सोडायची, ती वितळून खालच्या कांडीवर साचत जाते, आणि काही तासांत माणकाचा गड्डा तयार होतो. लवकरच त्याचे कारखाने निघाले. त्यामुळे १९३४च्या अंगठीत पहिल्या दिवसापासून हाच खडा असणं अगदी शक्य आहे. अंगठीचं वय आणि खड्याचा जन्म या दोन वेगळ्या चौकश्या आहेत. जुनी अंगठी विकत घेताना निम्मे लोक इथेच चुकतात.

दुधाचं म्हणाल, तर लाल काचही दूध गुलाबी दाखवते. कारखान्यातलं माणिक आणि खाणीतलं माणिक रसायनानं एकच, कठिणताही दोघांची दहापैकी ९. हल्ली काही दुकानांत जांभळ्या उजेडाची विजेरी मारून 'बघा, कसं पेटतं, अस्सल बर्मा!' म्हणतात. व्हेर्नोयचं माणिकही तसंच पेटतं, कधी जास्तच.

फरक भिंगाखाली कळतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खडा स्वच्छ पुसा आणि तिरका धरून हळूहळू फिरवा. ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा बारीक वळणदार रेघा दिसल्या, किंवा गोल बुडबुडे दिसले, तर तो ज्योतीतला. खाणीतल्या माणकात रेघा सरळ असतात, कोनात वळतात, आणि पुष्कळदा रेशमासारख्या सुया दिसतात. रेघा सहज सापडत नाहीत. मला पहिली रेघ दिसायला पंधरा दिवस लागले होते.

खडा बदलला असेल तर त्याची खूण खड्यात नाही, कोंदणात सापडते. कडेचं सोनं उचकटून पुन्हा दाबलं असेल तर तिथे हत्याराचे ओरखडे राहतात. ते नसतील तर आजेसासूबाईंनी हाच खडा मिरवला. मी तुमच्या जागी असते तर तो काढून दुसरा बसवला नसता.

प्रश्न : मुलगा बर्मिंगहॅमला असतो. तिथल्या एका दुकानात त्यानं साखरपुड्यासाठी सहा रंगांच्या सहा खड्यांची अंगठी पाहिली आहे. दुकानदार ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली म्हणतो. आत '३७५' आणि नांगराचं चिन्ह आहे. घ्यावी का? – वाचक, सांगली

उत्तर : नांगर ही बर्मिंगहॅमच्याच तपासणी कार्यालयाची खूण. ३७५ म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं, आपल्या भाषेत नऊ कॅरट. आपल्या बायकांना हे ऐकून धक्का बसतो, पण तिकडे १८५४ पासून ते कायदेशीर आहे. नांगराशेजारी एखादं अक्षर असेल तर त्याच्या वळणावरून आणि चौकटीवरून साल काढता येतं. मुलाला दुकानदाराकडून ते लिहून घ्यायला सांगा. मात्र ती साक्ष फक्त सोन्याची.

सहा खडे रूबी, एमराल्ड, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा रूबी आणि डायमंड अशा क्रमानं असतील, तर ती 'रिगार्ड' अंगठी. पहिली इंग्रजी अक्षरं जुळवली की हा शब्द होतो, म्हणजे आदर, जिव्हाळा. एकोणिसाव्या शतकात त्यांची तिकडे मोठी हौस होती. नकला आजही निघतात.

इथे मी एकच गोष्ट पाहीन : झीज. हिऱ्याची कठिणता १०, माणकाची ९, पाचूची साडेसात ते आठ, ॲमेथिस्टची ७. रस्त्यावरच्या धुळीत गारेचे कण असतात, तेही ७. मग शंभर-सव्वाशे वर्षं बोटात राहिलेल्या अंगठीत सगळे खडे सारखे झिजतील का? हिऱ्याच्या कडा तीक्ष्ण, माणकाच्या बऱ्यापैकी, पाचू-ॲमेथिस्टच्या बोथट, आणि तळहाताकडचा वेढा पातळ, असं दिसायला हवं. सहाच्या सहा खडे कोरे आणि वेढाही जाडजूड असेल, तर ती कालपरवाची. एकटा पाचू लखलखीत असेल तर तो मागाहून बसवलेला. तसं असलं तरी घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्या मानानं असावी.

प्रश्न : शोरूममध्ये 'अँटिक' विभागात नीलमची अंगठी आवडली. हॉलमार्कही आहे. खरंच जुनी असेल का? – वाचक, नागपूर

उत्तर : नाही हो. आपल्याकडे 'अँटिक' म्हणजे काळपट पॉलिश केलेला नवा माल. बाहेरच्या बाजारात शंभर वर्षं उलटलेल्या वस्तूलाच तसं म्हणतात. शिवाय त्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक, असेल तर हॉलमार्क २०२१ नंतरचाच. तो सोन्याचा दाखला, नीलमचा नाही. खड्याचा कागद वेगळा मागा. आणि बिलात खड्याचं वजन वजा केलंय का पाहा. खड्याचा कॅरट म्हणजे वजन, सोन्याच्या शुद्धतेचा कॅरट वेगळा. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. एकूण भार ६.२ ग्रॅम आणि खडा पाच कॅरट असेल, तर सोन्याचे पैसे ५.२ ग्रॅमचेच. खड्याचा भाव रत्तीत सांगितला तर कॅरटमध्ये करून घ्या, कारण रत्ती दुकानागणिक बदलते.

प्रश्न : आईची पाचूची अंगठी मला घट्ट होते. मोठी करून धुवून घेऊ का? – वाचक, बेळगाव

उत्तर : मोठी करा, पण झाळकामाच्या आधी खडा काढायला सांगा. पाचूला आच सोसत नाही. आणि पेढीवरच्या दागिने धुण्याच्या अल्ट्रासोनिक मशीनपासून चार हात लांब. पाचूत बारीक भेगा असतातच, त्या दिसू नयेत म्हणून तेल भरलेलं असतं. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ कुंचला पुरे.

हे मी गिऱ्हाइकाच्या जिवावर शिकले. पेढीवर नवीन मशीन आलं होतं, उत्साहात एका बाईंची अंगठी मीच त्यात सोडली. बाहेर आली तेव्हा तेल निघून गेलं होतं आणि हिरव्या खड्यात कोळ्याचं जाळं पसरलं होतं. बाईंनी अंगठी उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा माझाच का?" तोच होता. पुन्हा तेल भरून घेतलं, खडा बराचसा सावरला. बाई मात्र त्या दिवाळीला शेजारच्या पेढीवर गेल्या.