कालचा मान्ना

प्रश्न : ताई, सप्रेम सलाम. मी परिचारिका आहे, वय २९. एक जानेवारीला मी ‘वर्षभरात संपूर्ण बायबल’ असा तक्ता घेऊन वाचायला बसले. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तकं झपाट्याने झाली. तिसऱ्या, लेवीयमध्ये अडखळले, त्यातच रात्रपाळ्या लागल्या आणि खंड पडला. आज मी ४१ दिवस मागे आहे. बायबल उघडलं की आधी तक्त्यातले रिकामे चौकोन दिसतात आणि मी ते तसंच मिटून ठेवते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, सगळे सांगतात की मनन पहाटेच करावं. पहाटे तर मी वॉर्डात असते. एक सुट्टी घेऊन सगळं एकदम भरून काढू का?

उत्तर : अगं, नको. सुट्टी मिळाली तर आधी झोप.

तुझं पत्र वाचून मी कागदावर हिशेब मांडला. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन अध्याय येतात. ४१ दिवसांचे झाले १३३. दिवसभर बसलीस तर एवढे अध्याय डोळ्यांखालून जातीलही. मीही एकदा असंच केलंय, म्हणून तुला अडवते आहे.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शब्बाथ शाळेत, म्हणजे मंडळीच्या रविवारच्या वर्गात, मुलांना ‘रोज वचन वाचा’ म्हणून शिकवत होते आणि माझंच वाचन अडलेलं होतं. त्याची लाज वाटून एका शनिवारी रात्री मी ३८ अध्याय संपवले : गणना हे पुस्तक पूर्ण आणि त्यापुढच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचे दोन. वंशांच्या याद्यांवरून नुसतं बोट फिरवत गेले. दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर आमच्या पाळकांच्या पत्नीने सहज विचारलं, ‘सध्या काय वाचतेस?’ मी ताठ मानेने म्हणाले, ‘कालच गणना संपवलं.’ ‘त्यातलं तुझ्याजवळ काय राहिलं?’ मला एक ओळ सांगता येईना.

त्या रागावल्या नाहीत. मला शेजारी बसवून त्यांनी निर्गमचा सोळावा अध्याय काढला. रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा, ज्याच्या त्याच्या भुकेपुरता. काहींनी तो दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली. दुप्पट गोळा करायचा तो फक्त सहाव्या दिवशी, कारण सातवा विसाव्याचा. मग त्यांनी विचारलं, ‘ज्याने काल गोळा केला नाही त्याने आज दोन दिवसांचा उचलावा, असं कुठे लिहिलंय का?’ मी अध्याय दोनदा वाचला. तसं कुठेच नव्हतं.

त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. मधल्या काळात माझ्याही वाचनात खंड पडले, आजारपणात पडले, लेकरं लहान असताना पडले. पण त्या दिवसापासून मी वाचनाची थकबाकी कधी भरली नाही. राहिलं ते राहिलं. उघडते ते आजच्या पानावर.

माझं तक्त्यांशी वैर नाही. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात रॉबर्ट मरे मॅकशेन नावाचे तरुण पाळक होते. त्यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी असाच एक तक्ता तयार केला. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. लोक तो अजूनही वापरतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या २९ व्या वर्षी, म्हणजे आज तू आहेस त्याच वयात, ते वारले. तक्ता देताना त्यांनी त्याचे धोकेही लिहून ठेवले होते : वाचन नुसता उपचार होईल, तेवढं केलं की आपण धार्मिक झालो असं वाटेल, घाईघाईने वाचलं जाईल, आणि काहींना ते न पेलणारं जू होईल. तक्ता बनवणाऱ्यालाच हे दिसत होतं. तुझ्या मानेवर ते जू झालंय. काढून ठेव, त्यात पाप नाही.

आता पहाटेचं. येशू पहाटे, अंधार असतानाच उठून प्रार्थनेला गेला हे मार्क सांगतो (१:३५). तोच येशू डोंगरावर सबंध रात्र प्रार्थनेत होता हे लूक सांगतो (६:१२). दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. तेव्हा पहाट चांगली, पण आज्ञा नव्हे. तुझ्या पाळ्या बदलतात, म्हणून वाचन घड्याळाला बांधू नकोस. जे तू कुठल्याही पाळीत चुकवत नाहीस अशा एखाद्या कामाला बांध. घरी येऊन गणवेश बदललास, हात धुतलेस की त्याच खुर्चीत बसायचं. बायबल कपाटात नको, त्या खुर्चीजवळ उघडं असू दे. ही माझी एकटीची समजूत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून नवी सवय लावायला सांगितलं होतं. २०१० साली छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांत फरक फार : कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही, हेही त्यांना आढळलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. आपण एक दिवस चुकलो की सगळं संपलं म्हणून रडत बसतो आणि त्या रडण्यातच पुढचे चाळीस घालवतो.

काय वाचायचं? मार्कचं शुभवर्तमान घे. सोळाच अध्याय आहेत. रोज एक प्रसंग, दहापंधरा वचनं, बस. आणि मोठ्याने वाच. पहिल्या स्तोत्रात रात्रंदिवस नियमशास्त्राचं मनन करणारा माणूस आहे ना, तिथल्या मूळ इब्री शब्दात पुटपुटणं आहे. यशयाच्या ३१ व्या अध्यायात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी तोच शब्द येतो. म्हणजे मनन म्हणजे डोळे मिटून गप्प बसणं एवढंच नाही, ओठ हलले पाहिजेत. मोठ्याने वाचलं की घाई होत नाही.

घाई नसली तर काय दिसतं त्याचं एक उदाहरण देते. मार्कच्या पाचव्या अध्यायातली याइराची मुलगी मी कितीदा शिकवली असेन, पण वयाची पन्नाशी गाठल्यावर मला शेवटची ओळ दिसली. मेलेली मुलगी उठून चालू लागली, सगळे थक्क झालेत, आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर त्याला त्या बारा वर्षांच्या पोरीची भूक आठवली! तू रोज हेच काम करतेस. मला जे दिसायला इतकी वर्षं लागली, ते कदाचित तुला पहिल्याच दिवशी दिसेल.

एक साधी वही ठेव. मी फक्त तारीख, संदर्भ आणि एक वाक्य लिहिते. त्या वाक्यात ‘तू’ हा शब्द असलाच पाहिजे, हा माझा एकमेव नियम. ‘येशूने मुलीला उठवलं’ असं नाही, तर ‘प्रभू, तुला तिची भूक दिसली.’ एका शब्दाने टिपणाची प्रार्थना होते. ज्या दिवशी काही सुचत नाही त्या दिवशी मी लिहिते, ‘आज तू बोललास ते मला कळलं नाही.’ अशी पानं माझ्याकडे खूप आहेत आणि ती मी फाडलेली नाहीत.

लेवीय टाकून देऊ नकोस. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वचन लेवीयच्या १९ व्या अध्यायातलंच आहे. येशूने तिथूनच उचललं. मार्क आणि थोडी स्तोत्रं झाली, पाय स्थिर झाले की तिकडे वळ. शक्य तर कुणाबरोबर तरी वाच.

आणि रात्रपाळीला जाताना स्तोत्र १३४ वाच. तीनच वचनं आहेत, दारातून बाहेर पडण्याआधी होतील. परमेश्वराच्या मंदिरात रात्री उभं राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून ते लिहिलंय. रात्री जागणाऱ्यांसाठी शास्त्रात वेगळं स्तोत्र ठेवलेलं आहे, हे तुझ्या मंडळीतल्या पहाटे उठणाऱ्यांनाही सांग.

प्रश्न : मी कॉलेजात शिकतो. वचन मोबाईलवर वाचतो, कधी बसमध्ये नुसतं ऐकतो. घरी म्हणतात, हे काही खरं मनन नव्हे, पुस्तक हातात हवं. खरंच का?

उत्तर : ऐकणं कमी दर्जाचं नाही, बाळा. छपाई येण्याआधी शतकानुशतकं बहुतेक ख्रिस्ती माणसांनी वचन ऐकलंच. घराघरात बायबल कुठे होतं! पौल रोमकरांना लिहितो की विश्वास ऐकण्याने होतो. प्रकटीकरणाच्या आरंभी मोठ्याने वाचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना, दोघांनाही धन्य म्हटलंय. बसमध्ये खुशाल ऐक. उतरलास की त्यातली एक ओळ स्वतःशी म्हणत चाल.

वाचताना मात्र मोबाईलचं नेट बंद कर. एखादा निरोप टुणकन् वर आला की तू यिर्मयापासून मित्राच्या फोटोपर्यंत कधी पोचलास ते तुलाही कळत नाही. माझा नातू मोबाईलवर वाचतो, त्याचंही तेच होतं. शिवाय आठवड्यातून एकदा तरी कागदाचं पुस्तक उघड. वचन पानावर डावीकडे होतं की उजवीकडे, वर होतं की खाली, हे कागदावर लक्षात राहतं. पुढे कधी अडचणीच्या वेळी हात आपसूक त्या पानाकडे जातो. घरच्यांना एवढंच हवं असेल. भांडू नकोस त्यांच्याशी.

प्रश्न : माझं वय ६४. पत्नीला जाऊन आठ महिने झाले. पस्तीस वर्षं रात्री जेवणानंतर आम्ही दोघं बसत असू. ती वाचायची, मी ऐकायचो, मग मी प्रार्थना करायचो. आता बायबल उघडलं की तिचा आवाज येतो आणि पुढे वाचवत नाही. सगळे म्हणतात, वचनात सांत्वन आहे. मग ते मला का मिळत नाही? माझा विश्वास उणा पडला का?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं : ‘ती वाचायची, मी ऐकायचो.’ पस्तीस वर्षं तुम्ही वचन कानांनी घेतलंत, तेही एकाच आवाजात. आता एकटं बसून ते डोळ्यांनी घ्यायचा प्रयत्न चाललाय. तुमची सवय ती नव्हतीच. तुमचा विश्वास नाही गेला, तुम्हाला वाचून दाखवणारं माणूस गेलं.

म्हणून स्वतः वाचायचा हट्ट सध्या सोडा. कुणाला तरी वाचायला सांगा. मुलगा, मुलगी, सून, मंडळीतला एखादा मित्र, जो कुणी असेल तो. रात्री त्याच वेळी फोनवर दहा वचनं. तुम्ही फक्त ऐका. प्रार्थना करवली तर करा, नाही तर ‘आमेन’ म्हणून फोन ठेवा. मागायला संकोच वाटेल, मला ठाऊक आहे. तरी मागा.

सांत्वनाची वचनं सध्या नको असतील तर तसं सांगा. स्तोत्र ८८ वाचायला सांगा. इतर शोकस्तोत्रं रडत सुरू होतात आणि बहुधा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. सोबती दुरावल्याचं सांगत अंधारापाशी संपतं. तरी देवाच्या लोकांनी ते गाळलं नाही, जपून ठेवलं, पिढ्यानपिढ्या म्हटलं. देवासमोर असंही बोलता येतं, आणि तीही प्रार्थनाच. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. खायला दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं. होरेबचा डोंगर, जिथे देव त्याच्याशी बोलला, तो नंतर आला. तुम्ही नीट जेवताय ना, भाऊ?

माझे यजमान गेले तेव्हा चार महिने मी स्तोत्र २३ चं पान उघडून बसायची. वाचत नव्हते. पान उघडायचं, त्यावर हात ठेवायचा, थोड्या वेळाने मिटायचं. वहीत त्या दिवसांच्या नुसत्या तारखा आहेत. एका संध्याकाळी ‘तू माझ्याबरोबर आहेस’ एवढे शब्द तोंडातून निघाले, बाकीचं स्तोत्र नाही. त्या तारखेपुढे वाक्य आहे.

तुमच्या पत्नीच्या बायबलात शेवटच्या रात्रीची खूण अजून असेल. ती काढू नका. फोनवर वाचणाऱ्याला तो अध्याय सांगा, आणि तिने जिथे थांबवलं होतं त्याच्या पुढच्या वचनापासून त्याला वाचू द्या.