शाळेच्या आवाराची ओढ का सुटत नाही?

तुम्ही विचारलंय की शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी माणसांपेक्षा शाळेचं आवारच जास्त का आठवतं, आणि दगडमातीच्या जागेबद्दल कृतज्ञता वाटणं हा वेडेपणा आहे का.

मला तो वेडेपणा मुळीच वाटत नाही. आमच्या शाळेत मागच्या बाजूला, प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या जिन्याखाली एक रुंद पायरी होती. सातवीत असताना मी चारचौघांत बोलताना अडखळायचे. नाव पुकारलं की 'हजर' म्हणतानासुद्धा घशाला कोरड पडायची. मधली सुट्टी झाली की मी त्या पायरीवर जाऊन बसायचे. तिथून सगळं पटांगण दिसायचं, पण पटांगणातून मी कुणाला दिसायचे नाही. वर्गात उत्तरं द्यावी लागत, घरी 'आज काय झालं?' असं विचारलं जाई. त्या पायरीला माझ्याकडून काहीच नको होतं. पुढे कधीतरी मी तिथून उठून खेळायला गेले आणि मग रोजच जाऊ लागले. मला कुणी समजावलं नव्हतं. एवढंच, की तयारी होईपर्यंत बसायला मला जागा होती. हे ऋण मी कुणा माणसाच्या नावावर कसं मांडू?

आवार इतकं लख्ख का आठवतं, याला शास्त्राचाही आधार आहे. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर ठरावीक जागी आला की जाग्या होत. पुढे २०१४ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. माणसाच्या आयुष्यातले प्रसंग स्मरणात साठवायलाही मेंदूचा हाच भाग लागतो. १९७५ मध्ये गोडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली शिकवले, काही किनाऱ्यावर. जे शब्द जिथे शिकले, तिथेच ते जास्त आठवले. शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच वीस वर्षांत न आठवलेली कविता ओठांवर येते, तेव्हा मला तो प्रयोग आठवतो.

हो, आणि परत गेल्यावर सगळं लहान दिसतं. ज्या नळाला टाचा उंचावून तोंड लावायचो, तो कमरेला लागतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तेव्हा मोजपट्टी आपलं शरीरच होतं.

पण माझी कृतज्ञता खऱ्या अर्थाने जागी झाली ती नववीत. स्नेहसंमेलनाच्या तालमीसाठी मी एकदा फारच लवकर पोहोचले. फाटक नुकतंच उघडलं होतं. शिपाईमामा एकेका वर्गाच्या खिडक्या उघडत होते, ओल्या फडक्याने फळे पुसत होते, आदल्या दिवशी आम्ही वेडेवाकडे टाकून गेलेले बाक सरळ लावत होते. मला बघून म्हणाले, "बस गं, तुझा वर्ग झालाय." तोवर मला वाटायचं, शाळा अशीच असते, आपोआप. आम्ही येण्याआधी रोज कुणीतरी ती आमच्यासाठी मांडून ठेवत होतं. आवारावरचं माझं प्रेम त्या सकाळपासून मामांपर्यंत पोहोचलं. त्यांना ते मी कधी बोलून दाखवलं नाही, याची खंत मात्र आहे.

म्हणून, आभार कसे मानायचे असं मनात असेल तर माझं मत सांगते. मेळाव्याच्या दिवशी जाऊन फोटो काढण्यापेक्षा परवानगी घेऊन साध्या, शाळा भरलेल्या दिवशी जा. आता फाटक कोण उघडतं, त्यांची चौकशी करा. आणि तुम्ही स्वतः वापरलेली एखादी वस्तू, नळ, बाक, ग्रंथालयाचं कपाट, दुरुस्तीला आलेली असेल तर तेवढीच नीट करून द्या.

मी गेले तेव्हा त्या जिन्याखाली मोडके बाक रचून ठेवले होते. मुख्याध्यापिकाबाईंना विचारून, आताच्या मामांच्या मदतीने ते अडगळीच्या खोलीत हलवले आणि पायरी धुऊन काढली. तोवर मधल्या सुट्टीला दहा मिनिटं उरली होती. पायरी अजून ओली होती. घंटा व्हायच्या आत मी तिथून निघाले.