पौंडांच्या गावात दोन आठवडे

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त लंडनला असतो. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता (वय 64 आणि 60) प्रथमच त्याच्याकडे दोन आठवड्यांसाठी जात आहोत. राहण्याजेवणाची चिंता नाही. परंतु मुलगा आणि सूनबाई दिवसभर कामावर असणार, आणि आमच्या प्रत्येक तिकिटाचा भार त्यांच्यावर पडावा हे आम्हांला रुचत नाही. एका पौंडाला शंभराहून अधिक रुपये मोजून आम्ही रोज काय पाहावे? जे फुकट असते ते पाहण्यासारखे असते का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. फुकट मिळते त्याकडे आपण थोड्या संशयानेच पाहतो. लंडनमध्ये हा हिशेब उलटा आहे. त्या शहरात जे सर्वांत मोलाचे आहे ते बहुतांशी विनामूल्य आहे, आणि मेणाचे पुतळे किंवा नदीकाठचा तो प्रचंड पाळणा असे जे भरमसाट तिकीट लावून दाखवले जाते, त्यातले पुष्कळसे राहून गेले तरी काही बिघडत नाही. तेथील राष्ट्रीय संग्रहालयांचे प्रवेशशुल्क डिसेंबर 2001 पासून रद्द झाले. ब्रिटिश म्युझियमने तर 1759 मध्ये दारे उघडली तीच विनामूल्य. दारापाशी दानपेटी असते आणि तिच्यात किती टाकावे हेही सुचवलेले असते, परंतु ते सर्वस्वी ऐच्छिक आहे, तेव्हा संकोच करू नये. तात्पुरत्या विशेष प्रदर्शनांना मात्र तिकीट असते. संकेतस्थळावर वेळ आधी राखून ठेवता येते, त्यालाही पैसे पडत नाहीत आणि रांगेतला वेळ वाचतो.

संग्रहालय फुकट असण्याचा खरा फायदा पैशांचा नाही. तिकीट काढले की ते वसूल करण्यासाठी माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय ओढत फिरतो आणि शेवटी त्याला काहीच आठवत नाही. तिकीटच नसल्यामुळे आपण दोन तास पाहून बाहेर पडू शकता आणि चार दिवसांनी पुन्हा जाऊ शकता. ब्रिटिश म्युझियममध्ये नेमके असेच करावे. तेथे सर्वाधिक गर्दी रोझेटा शिलेपुढे असते. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला हा इसवी सनपूर्व 196 मधला दगड, ज्याच्यामुळे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचता आली, तो आपल्याला बहुधा इतरांच्या मोबाइलच्या पडद्यांवरच दिसेल. त्याऐवजी 1 क्रमांकाच्या दालनात जावे. तेथे त्याच शिलेची हुबेहूब प्रतिकृती उघडी ठेवलेली आहे, तिला हात लावायला परवानगी आहे, आणि अक्षरे बोटांना लागतात. त्यानंतर 33 क्रमांकाच्या दालनाला लागून असलेली अमरावतीची शिल्पे पाहावीत. ही अमरावती आंध्रातली, आपल्या विदर्भातली नव्हे. तेथील बौद्ध स्तूपाचे फिकट चुनखडकावरचे कोरीवकाम इतके बारीक आहे की काचेला नाक लावून उभे राहावेसे वाटते.

चित्रांची आवड असेल तर ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरी शुक्रवारी रात्री 9 वाजेपर्यंत उघडी असते. मुलगा कामावरून परस्पर तेथे येऊ शकेल. साउथ केन्सिंग्टनला तीन मोठी संग्रहालये एकमेकांना लागून आहेत. त्यांपैकी निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात दारातून आत शिरताच डोक्यावर निळ्या देवमाशाचा सुमारे 25 मीटर लांबीचा सांगाडा सूर मारताना दिसतो. पावसाचा दिवस या तिघांसाठी राखून ठेवावा. शेजारच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नाव घेतले की मराठी माणूस वाघनखांची चौकशी करतो. ती वाघनखे जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आणण्यात आली, आणि ती शिवछत्रपतींनीच वापरली असे खात्रीने सांगता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे आहे. तेव्हा केवळ त्यांच्यासाठी जात असाल तर ती कोठे आहेत याची आधी चौकशी करावी.

आता एक दिवस चालण्याचा. लंडनमधील सर्वांत सुंदर गोष्ट कोणती असे कोणी मला विचारले तर मी या फेरफटक्याचे नाव घेईन, आणि त्याचा खर्च केवळ तेथवर पोहोचण्याचा आहे. भुयारी रेल्वेच्या वॉरिक अव्हेन्यू स्थानकावर उतरून पाच-सात मिनिटांत हॉवली प्लेस नावाच्या शांत रस्त्यावर जावे. तेथे 10 क्रमांकाच्या घरावर, लोकमान्य टिळक येथे 1918-1919 मध्ये राहत होते, असे सांगणारी पाटी आहे. घर खासगी आहे, बाहेरूनच पाहायचे. लोकमान्य तेथे गेले होते ते चिरोल या इंग्रज पत्रकाराविरुद्धच्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी. दावा ते हरले आणि खर्चही अंगावर आला. लंडन महाग पडणारे आपण पहिले नव्हे.

तेथून हाकेच्या अंतरावर लिटल व्हेनिस नावाचा कालव्याचा डोह आहे. रंगवलेल्या अरुंद लांबट होड्या, त्यांच्या टपावर कुंड्या आणि सायकली, आणि त्याच होड्यांत संसार थाटलेली माणसे तेथे दिसतात. येथून रीजंट्स कॅनॉलच्या काठाने पूर्वेकडे निघायचे. 1820 मध्ये पूर्ण झालेल्या या कालव्यातून मालाच्या होड्या जात आणि काठावरून चालणारे घोडे त्या दोराने ओढत. आपण चालतो ती वाट त्या घोड्यांची. एजवेअर रोडपाशी कालवा बोगद्यात शिरतो आणि बोगद्यात काठ नाही, म्हणून तेवढ्यापुरते वर रस्त्यावर यावे लागते. पुन्हा खाली उतरले की रीजंट्स पार्कची झाडी लागते आणि मग वाट थेट प्राणिसंग्रहालयातून जाते. तिकीट काढून आत गेलेले लोक वरून आपल्याकडे पाहतात आणि डाव्या हाताच्या उंच जाळीत माकडे असतात, ती आपल्यालाही फुकट दिसतात. वाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास होऊ नये. फक्त मागून येणाऱ्या सायकलींच्या घंटीकडे लक्ष असू द्यावे.

प्राणिसंग्रहालयाच्या पुढे वर येऊन प्रिमरोझ हिलची टेकडी चढावी. टेकडी कसली, पर्वतीच्या मानाने ती उंचवटाच म्हणायची, परंतु माथ्यावरून सेंट पॉल या भव्य चर्चच्या घुमटापर्यंतचे शहर समोर पसरलेले दिसते. पलीकडच्या उतारावरून काही मिनिटांत किंग हेन्रीज रोड येतो. तेथील 10 क्रमांकाच्या घरात डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये ते विकत घेतले. आता तेथे स्मारक आहे आणि प्रवेशाला शुल्क नाही, परंतु वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. त्या काळात ज्या प्रबंधावर ते काम करीत होते आणि ज्यासाठी लंडन विद्यापीठाने त्यांना 1923 मध्ये डी.एस्सी. दिली, त्याचा विषय रुपया आणि त्याच्या विनिमयाची व्यवस्था हा होता. दिवसभर मनात पौंडांचे रुपये करीत फिरणाऱ्याने त्या घरात थोडा वेळ बसून यावे. परतण्यासाठी चॉक फार्म स्थानक जवळच आहे. रमतगमत गेल्यास ही सगळी वाट तीन तासांची.

उरलेले थोडक्यात सांगतो. वीस फेन्चर्च स्ट्रीट या इमारतीच्या माथ्यावरील काचेच्या बागेतून सारे लंडन विनामूल्य दिसते, पण वेळ ऑनलाइन राखून ठेवावी लागते आणि जागा पटकन संपतात. संसदेच्या कामकाजाचा प्रेक्षककक्षही खुला असतो. तेथे जाताना 1097 मध्ये उभ्या राहिलेल्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या प्रचंड लाकडी छताखालून जायला मिळते, आणि माझ्या मते भाषणांपेक्षा ते छत अधिक ऐकण्यासारखे आहे. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल या दोन्ही ठिकाणी पर्यटक म्हणून जाण्यास भारी तिकीट आहे, परंतु सायंप्रार्थनेला येणाऱ्याकडून काहीही घेतले जात नाही. उंच कमानींखाली वृंदाचे गायन ऐकायला मिळते. मात्र तेथे प्रार्थनेसाठी बसायचे आहे. आपण कीर्तनाला जसे बसतो तसे शेवटपर्यंत बसावे, छायाचित्रे काढू नयेत.

प्रश्न : लंडनमध्ये आम्ही हॉटेलात राहणार आहोत. रेल्वेचा पास काढावा की रोज तिकीट? ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते का?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सवलतीचे कार्ड लंडनच्या रहिवाशांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. पास काढण्याचीही बहुधा गरज नाही, कारण बँकेचे एकच कार्ड दिवसभर यंत्रावर टेकवत राहिल्यास ठरावीक रकमेनंतर त्या दिवसाचे पैसे कापले जाणे आपोआप थांबते. दोन गोष्टी सांभाळाव्यात. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, दोघांत एक चालत नाही; आणि भुयारी रेल्वेत बाहेर पडतानाही कार्ड टेकवावे लागते, विसरल्यास जास्तीचे भाडे कापले जाते. बसमध्ये फक्त चढताना टेकवायचे. भारतीय बँकेच्या कार्डावर परकीय चलनाचे शुल्क किती लागते हे बँकेत विचारून मगच ते वापरावे. जास्त असेल तर तेथील ऑयस्टर कार्ड घेऊन त्यात पैसे भरणे बरे.

घाई नसलेल्या माणसासाठी बस हेच उत्तम वाहन आहे. भाडे अंतरावर नसते. 2023 पासून ते 1.75 पौंड होते, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात बदललेल्या पुढच्या बसला वेगळे पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख पैसे 2014 पासून घेत नाहीत. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसून ट्रफाल्गर चौकातून 15 क्रमांकाने सेंट पॉलवरून टॉवर ऑफ लंडनपर्यंत जावे. पर्यटकांच्या उघड्या बसला याच्या कितीतरी पट पैसे पडतात आणि दिसते तेच. हीथ्रो विमानतळावरून शहरात येताना मात्र जी गाडी सर्वांत वेगवान म्हणून पुढे केली जाते ती टाळावी. भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली लाइनने वेळ जास्त लागतो, पण भाडे बरेच कमी आहे.

प्रश्न : कोहिनूर पाहण्यासाठी टॉवर ऑफ लंडनचे तिकीट काढावे का? आणि दिवसभर बाहेर असताना जेवणाचे काय करावे?
एक वाचक, सोलापूर

उत्तर : माणशी 30 पौंडांच्या वर मोजून केवळ हिऱ्यासाठी जाणार असाल तर नको. मुकुटांपुढून सरकता पट्टा नेतो, त्यामुळे हिरा आपल्या डोळ्यांसमोर काही क्षणच राहतो. किल्ल्याचा इतिहास, तुरुंग, जुनी शस्त्रे यांत रस असेल आणि अख्खा दिवस देणार असाल तर पैसे फुकट जाणार नाहीत. नसल्यास किल्ल्याची तटबंदी खंदकाच्या बाहेरून निवांत पाहता येते आणि शेजारचा टॉवर ब्रिज पायी ओलांडायला काही पडत नाही.

जेवणाबद्दलही आपण विचारले आहे. डबा नेण्यात कसलाही कमीपणा नाही; उद्यानांत हजारो लोक तेच करतात. फक्त राजउद्यानांतील हिरव्या आरामखुर्च्यांवर बसू नये, त्यांचे भाडे द्यावे लागते. बाकडी आणि हिरवळ फुकट. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, तेव्हा बाटली भरून घ्यावी. शाकाहारी खाणे माफक दरात हवे असल्यास यूस्टन स्थानकाजवळील ड्रमंड स्ट्रीटवर जावे. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यातील लंगर सर्वांना खुला आहे. डोके झाकून, पंगतीत बसून, पानात घेतले ते संपवून यावे.

प्रश्न : आठ वर्षांची नात बरोबर आहे. संग्रहालयांना ती कंटाळते. तिच्यासाठी कमी खर्चाचा एक दिवस सुचवावा.
एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्रिनिचला न्यावे. 11 वर्षांखालील मुलांना बसमध्ये तिकीट नाही, आणि मोठ्या माणसासोबत असल्यास भुयारी रेल्वेत व डी.एल.आर. या शहरी हलक्या रेल्वेतही नाही. ही डी.एल.आर. गाडी चालकाविना धावते, त्यामुळे सर्वांत पुढच्या आसनावर बसून मुले स्वतःच ती हाकतात. ग्रिनिचच्या अलीकडे, आयलंड गार्डन्सला उतरावे आणि 1902 मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून थेम्सच्या तळाखालून पायी पलीकडे जावे. पांढऱ्या फरश्यांच्या त्या नळीत हाक घुमते, हे नातीला सांगावे लागणार नाही.

पलीकडच्या सागरी संग्रहालयात विनामूल्य प्रवेश आहे. तेथे एकच वस्तू दाखवावी : ट्रफाल्गरच्या लढाईत इंग्रज नौसेनापती नेल्सनच्या अंगात असलेला कोट, ज्याच्या डाव्या खांद्यावर गोळीचे भोक अजून दिसते. मग टेकडी चढून वेधशाळेपाशी 1 वाजण्याच्या आत पोहोचावे. आत जायला तिकीट आहे, पण हवे ते बाहेरच आहे. शून्य रेखांशाची खूण अंगणाबाहेरच्या वाटेवरील भिंतीवरही आहे. एक पाय पूर्वेला आणि एक पश्चिमेला ठेवून तेथे फोटो काढता येतो. वेधशाळेच्या माथ्यावरचा लाल गोळा 12 वाजून 55 मिनिटांनी अर्धा वर चढतो, 58 मिनिटांनी टोकाला जातो आणि बरोबर 1 वाजता खाली पडतो. नदीतील जहाजांना घड्याळे लावता यावीत म्हणून 1833 मध्ये सुरू झालेली ही सोय आहे.

गोळा पडला की फाटकाशेजारच्या भिंतीतले घड्याळ पाहायला सांगावे. त्याच्या तबकडीवर 12 नव्हे, 24 तास आहेत. उन्हाळ्यात तेथील बाकीची घड्याळे तासभर पुढे करतात, हे मात्र पुढे केले जात नाही. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्या मनगटावर 1 वाजलेला असताना त्याचा तासकाटा सरळ खाली, 12 वर असेल. त्यात साडेपाच तास मिळवायला सांगावे. ठाण्यात तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झालेले असतील, आणि घरी फोन लावायला ती वेळ चांगली आहे.